मागच्या दाराची कडी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आई,

तू पाठवलेली सगळी पत्रं मी न फोडता परत केली. तेव्हा हे पत्र तूही तसंच परत केलंस, तर मला तोंड वर करून बोलायला जागा नाही. म्हणून पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मागच्या दाराबद्दल'. तेवढं वाचून तरी तू ते फोडशील.

तुझ्या पाकिटांवर ज्याचा पत्ता असायचा, त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तू अजून कामाला आहेस, असं धरून चालते.

मला आता सतरा पूर्ण झाली. मामाच्या दुकानात कुलपं करते. मामाचे हात गेली दोन वर्षं थरथरतात, त्यामुळे बारीक कानसकाम सगळं माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकं येतात, मला बघतात आणि विचारतात, "दुकानात कुणी आहे का?" अडलेलं कपाट मी उघडून दिलं, की आधी आत सगळं जागेवर आहे ना ते बघतात, मग आभार मानतात. आता सवय झाली.

काडेपेट्यांच्या जुन्या कारखान्याची जळकी इमारत पाडतायत. रस्ता रुंद करायचाय. शुक्रवारी भंगारवाला तिथलं लोखंड हातगाडीवर घालून दुकानाशी आला. मामा बाहेरच्या कामावर गेला होता.

"उस्ताद," भंगारवाला म्हणाला, (तो मला थट्टेनं उस्ताद म्हणतो, पण आता ती थट्टा उरली नाही) "हे दार बघ. मागची भिंत गल्लीत पडली होती ना, तिच्याखाली सापडलं. कुलपासकट आहे."

दाराचा वरचा अर्धा भागच उरलाय. दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रा आहे म्हणून तेवढा तरी राहिला. आतल्या बाजूला पत्र्यात ठोकून उमटवलेला ३ आकडा आहे. पेट्या भरायच्या खोलीचं मागचं दार. तुझ्या खोलीचं.

चौकशीत काय ठरलं ते तुला मी सांगायला नको. तरी एकदा लिहिते, कारण आता ते मला स्वतःला पुन्हा वाचून बघायचंय. दुपारी काड्यांना गूल लावायच्या खोलीत आग लागली आणि पुढचा रस्ता बंद झाला. मागच्या दाराला कुलूप होतं. किल्ली एकच, आणि ती मुकादमीण खिशात घालून दुपारीच घरी निघून गेली होती. मुकादमीण म्हणजे तू. अकरा जणी आत राहिल्या. तू म्हणालीस, मी जाताना दार उघडं ठेवलं होतं. ते कुणी मानलं नाही. मीही नाही.

आई, त्या दारात बसवलेलं कुलूप मामाच्या हातचं आहे, माशाचा शिक्का आहे त्यावर. त्याची जीभ आत आहे. म्हणजे कुलूप उघडं होतं. आगीत पितळेची पट्टी वितळून जिभेच्या टोकावर जमली आणि तिथेच थिजली. नंतर कुणी जीभ आत ढकलली असती तर ते पितळ फुटलं असतं. ते अख्खं आहे. मी भिंगातून तीनदा पाहिलं.

आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला कडी आहे. कडीत टांगतं कुलूप आहे. ते लावलेलं आहे.

तू असताना बाहेरून कडी होती का? फक्त एवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी दार दुकानात ठेवलेलं नाही. कुठे ठेवलंय ते सध्या सांगत नाही.

---

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आई,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी पोस्टमनला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा तो पलीकडच्या पदपथावरून गेला.

तुला ती उंच बाई आठवते? तुझ्या खोलीत शेवटच्या बाकावर बसायची, सगळ्यांत जलद पेट्या भरायची. छपराचा पत्रा फाटला तेव्हा त्यातून एकटी तीच बाहेर पडली. तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली आहेत. आता ती चौथ्या गल्लीत एका खोलीत राहते आणि डाव्या हातानं शिवण करते. मी गेले तेव्हा तिनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू तिची मुलगी. चाल तीच आहे."

मला वाटलं आता दार लावेल. तिनं स्टूल पुढे सरकवलं.

मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी मागचं दार तुम्ही ढकललं होतं का?"

"सगळ्यांनी ढकललं."

"हललं का?"

तिनं चिकटलेली बोटं पदराखाली घेतली. "हललं," ती म्हणाली. "बोटभर उघडलं. बाहेरचा उजेड दिसला आम्हाला. मग बाहेरून खट्‌ करून अडलं. आम्ही ढकलायचो, ते बोटभर उघडायचं, पुन्हा अडायचं."

मी कुलपांचं काम करते, आई. दारातलं कुलूप लागलेलं असेल तर दार बोटभर उघडत नाही. जीभ चौकटीत घुसलेली असते. बोटभर उघडून अडतं ते कडीनं.

"हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाही?"

"चौकशी झाली तेव्हा मी इस्पितळात होते. पाच महिने. बाहेर आले तेव्हा तुझ्या आईला शिक्षा होऊन गेली होती. आणि मला कुणी विचारलंच नाही." तिनं बाजूचं शिवण मांडीवर ओढलं. "आणि खरं सांगू? कुणाला तरी शिक्षा झाली यानंच मला झोप लागायची."

दार आता तिच्या पलंगाखाली आहे. तिनंच म्हटलं, इथे ठेव. म्हणाली, "इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात आहे, आता पलंगाखाली राहिलं तर काय बिघडलं."

टांगतं कुलूप कुणाच्या हातचं आहे ते मात्र कळलेलं नाही. शिक्का नाही त्यावर.

आता दुसरी गोष्ट. ही मी पहिल्या पत्रात लिहायला हवी होती, पण धीर झाला नाही.

चौकशीच्या दिवशी मला खुर्चीवर उभं केलं होतं, कारण मी टेबलामागे दिसत नव्हते. वकिलानं विचारलं, "किल्ली घरी होती?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं. मग त्यानं विचारलं, "दाराला कुलूप लावून आले असं आई म्हणाली?" मी हो म्हटलं. तू असं काही म्हणाली नव्हतीस. तू आलीस, माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि ओल्या फडक्याच्या घड्या घालत बसलीस. कुलपाचं नावही काढलं नाहीस.

त्या 'हो'वर तुला तीन वर्षं झाली. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, कारण तू माझ्याकडे पाहिलंस. तेव्हापासून मी तुझ्यावर रागावत आले. स्वतःवर रागावण्यापेक्षा ते सोपं होतं.

---

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आई,

कचेरीत जाऊन मी अर्ज दिला, की त्या चौकशीचे कागद मला बघायचेत. कारकून म्हणाला, "तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "त्यात माझी साक्ष आहे." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अर्ज ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर दुकानाशी आला. आता तो मॅनेजर नाही, नव्या कारखान्यात भागीदार आहे. शाळेच्या बक्षीस समारंभाला हार त्याच्याच गळ्यात पडतो. बग्गीतून उतरला, हातमोजे काढले आणि जणू कुलूप घ्यायला आलाय तसा फळीवरची कुलपं बघू लागला. मामा कानस हातात घेऊन उभा राहिला.

"पोर हुशार निघाली तुमची," मॅनेजर त्याला म्हणाला.

मामानं कानशीवरचा कीस झटकला.

मग मॅनेजर माझ्याकडे वळला. "जुनं गंजकं लोखंड घरात साठवू नये, बाळ. लागतं कुठेतरी. पाडकामवाल्यांनी सांगितलं मला. कुठे आहे ते?"

"कुठलं लोखंड?" मी म्हटलं. "इथे सगळंच लोखंड आहे. कुठलं दाखवू?"

तो हसला. "तुझ्या आईवर माझा राग नाही. बाई आहे, पोर तापानं फणफणलेली, गडबडीत चूक झाली. मी तेव्हाही चौकशीच्या साहेबांना म्हटलं होतं, शिक्षा कमी करा."

"चूक कुणाची ते साहेब पुन्हा ठरवतील," मी म्हटलं.

मोजे चढवता चढवता तो म्हणाला, "कोर्टाची पायरी चढण्याआधी घरात विचार. मामाला विचार."

बग्गी गेली. मी मामाला विचारलं, "हा काय म्हणत होता?"

"मोठी माणसं काहीही बोलतात," मामा म्हणाला आणि पुन्हा कानस चालवायला लागला. एका किल्लीचे सगळे दाते त्यानं घासून सपाट केले तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

आज एवढंच लिहिते.

---

शनिवार, ९ मार्च

आई,

तुझं पत्र आलं. अक्षर पूर्वीसारखंच आहे, फक्त शाई पातळ. पाच ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की तुलाही इथे लिहून दाखवू शकेन: 'बाहेरून कडी नव्हती. मी निघाले तेव्हा दार उघडं ठेवलं, कारण किल्ली माझ्याकडे आणि मी नाही, मग मुलींनी बाहेर कसं पडायचं? तू लहान होतीस, ते मनातून काढून टाक. एकटीनं कुणाशी भांडू नकोस. दादाला सगळं सांग, तो बघून घेईल.'

तुझा दादा, माझा मामा. त्या ओळीवर आले आणि मला कागद खाली ठेवावा लागला.

मी तुला खोटं लिहिलं होतं. कुलूप कुणाच्या हातचं आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. भंगारवाला गेल्या गेल्या मी ते मागच्या बाजूनं कापून उघडलं. शिक्का नाही, ते खरं. पण आतली स्प्रिंग बसवताना तिच्या टोकाला एक तिरकी खाच घालतात. सगळे नाही घालत. मला माहीत असलेला एकच माणूस घालतो, आणि त्यानंच ती मला शिकवली. म्हणाला होता, ही खाच पाहिली की समज, हे आपल्या घरचं.

पाच आठवडे मी ते कुलूप घेऊन त्याच्यासोबत जेवले, त्याच्या शेजारी काम केलं. त्याला खोकला झाला तेव्हा औषध आणून दिलं. मनात म्हणत होते, कुणीतरी दुकानातून विकत नेलं असेल. विकलेलं कुलूप कुठे लागतं ते विकणाऱ्याला काय माहीत?

तुझं पत्र वाचल्यावर गुरुवारी दुपारी मी दुकानाच्या फळ्या लावल्या. कुलूप बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात घट्ट धरलं आणि मामाला हाक मारली.

"हे कुणाचं?"

त्यानं ते ओळखलं. हात लावावा लागला नाही.

"माझं."

"कडी कुणी बसवली?"

तो स्टुलावर बसला. "मी."

मग तो बोलत गेला. मध्ये कुठे थांबला नाही, जणू रोज मनात पाठ करत आला होता. तू घरी गेल्यावर मॅनेजर दुकानात आला. म्हणाला, तुझी बहीण दार उघडं टाकून गेलीय, मुली हवा खायला गल्लीत जातात, काम पडून राहतं. बाहेरून कडी बसव, आत्ताच्या आत्ता. मामानं विचारलं, आतल्यांनी उघडायचं कसं? तो म्हणाला, पुढचं दार आहे की.

"चार स्क्रू होते," मामा म्हणाला. "पाव तासही लागला नाही. आतून मुली गात होत्या. एकीनं दारापाशी येऊन विचारलं, कोण ठोकतंय? मी म्हटलं, दुरुस्ती चाललीय."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं."

आई, हे तुला लिहू नये असं वाटत होतं. पण यापुढे मी तुझ्यापासून काही लपवणार नाही.

आग लागल्याचं कळताच तो धावत गेला. किल्ली मॅनेजरच्या खिशात. मामा गल्लीत पोचला तोवर भिंत दारावर कोसळली होती. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं गल्लीच्या तोंडाशी विटांची भिंत घातली. मुलंबाळं आत जातील, धोका आहे, म्हणाला. आणि मामाला म्हणाला, कडी तू बसवलीस. बोललास तर आपण दोघं आत जाऊ. ती पोर कुणाच्या दारात उभी राहील? बहिणीला फार तर सहा महिने होतील.

"आणि मला तूच सांगितलंस," मी म्हटलं. "साक्षीच्या आदल्या दिवशी. साहेब जे विचारतील त्याला हो म्हण, म्हणजे लवकर घरी जाता येईल."

"हो."

"का?"

"तुला वाढवायला कुणीतरी हवं होतं."

"मला वाढवायला आई होती," मी म्हटलं.

त्यावर तो रडला. मी नाही. मला फक्त शेगड्याचा दांडा सोडता येईना. बोटं एकेक करून काढावी लागली.

त्यानं दोन दिवस मागितले. मी दिले. ते आज संपतात. सोमवारी मी दार घेऊन साहेबांकडे जाणार आहे. तो तुझा सख्खा भाऊ आहे आणि मला त्यानं हाताला धरून सगळं शिकवलंय, हे मला ठाऊक आहे. त्यानं माझ्यासाठी ताटावरून उठून दिलेली भाकरी मी खाल्लीय. तरी जाणार आहे. तुझं उत्तर यायला पाच दिवस लागतात, म्हणून वाट बघत नाही. आणि तू नको म्हणालीस तरी जाणार. हे मी तुला विचारत नाही, सांगतेय.

तुझी,
भिंगरी
(या नावानं मला आता कुणी हाक मारत नाही. तुला आठवत असेल तर.)

---

मंगळवार, २६ मार्च

आई,

ठरल्याप्रमाणे ११ तारखेच्या सोमवारी सकाळी भंगारवाल्यानं गाडी दिली आणि ती ओढायला स्वतःच आला. दारावर चादर घातली होती. उंच मावशी गाडीच्या बाजूनं चालत होती, उजवा हात उघडा ठेवून. एरवी ती तो पदराखाली ठेवते. लोक थांबून बघत होते. कुणीतरी विचारलं, कोण गेलं? भंगारवाला म्हणाला, "कुणी गेलं नाही बाबा, दार आहे."

कचेरीच्या पायऱ्यांवर मामा उभा होता. रविवारी सकाळपासून तो घरी नव्हता आणि मी धरून चालले होते की पळाला. दाढी केलेली, धुतलेला कोट. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीवरून दार उतरवायला खाली आला. त्याचे हात थरथरत होते, तरी एका बाजूनं त्यानंच धरलं.

साहेब नवे आहेत, तरुण आहेत. टेबलासमोर दार आडवं ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "आपण कोण?"

"मी कुलपं करते."

"वडिलांचं दुकान?"

"मामाचं. हे मामा."

मी त्यांना जीभ दाखवली, थिजलेलं पितळ दाखवलं. कडी आणि तिच्यातून काढलेलं टांगतं कुलूप दाखवलं. चारी स्क्रू बाहेरच्या बाजूनं बसवलेत तेही दाखवलं. त्यांनी भिंग मागितलं आणि गुडघ्यांवर बसून पाहिलं. कारकून उभाच राहिला, साहेब जमिनीवर असताना आपण खुर्चीत कसं बसायचं ते त्याला कळेना. मग मावशीनं बोटभर उजेडाचं सांगितलं. कारकुनानं उभ्यानंच ते टिपून घेतलं.

शेवटी मी म्हटलं, "जुन्या कागदांत माझी साक्ष आहे. त्यातलं दुसरं 'हो' खोटं आहे. ते खोडायचंय."

"तेव्हा तुमचं वय?"

"नऊ."

"कुणी शिकवलं होतं का?"

मी मामाकडे पाहिलं. पाच आठवडे मी याच प्रश्नाची तयारी केली होती, तरी त्याचं नाव घेतलं नाही.

"मी शिकवलं होतं, साहेब," मामा म्हणाला. "कडीही मीच बसवली. लिहून घ्या."

त्याला त्यांनी तिथेच ठेवून घेतलं. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यानं माझ्या हातात दिला. मी घेतला. मॅनेजरला संध्याकाळी घरून नेलं. बग्गीतून नाही, चालवत.

वर्तमानपत्रात यायच्या आत मला त्या अकरा जणींच्या घरी स्वतः जाऊन सांगायचं होतं. सात घरंच उरली आहेत, बाकीची गाव सोडून गेली. एका घरानं दार लावून घेतलं. दोन घरांत बसायला सांगितलं. एका म्हाताऱ्या बापानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ती गात होती का? माझी?" मी म्हटलं, सगळ्याच गात होत्या. त्यानं मान हलवली आणि आत गेला.

शेवटच्या घरी दोन मुली गेलेली ती आई आहे. मला रस्त्यात बघून थुंकायची ती. उंबऱ्यात उभी राहूनच तिनं ऐकलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं रोज सकाळी उठले की आधी तुझ्या आईला शिव्या द्यायचे, मग कामाला लागायचे. आता काय करू मी उठून?"

तिनं मला पाणी दिलं. मी प्यायले. निघताना तिनं विचारलं, "ती येणार आहे का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

साहेब म्हणाले, तुझी शिक्षा रद्द व्हायची तर तुझा जबाब पुन्हा घ्यावा लागेल. ते तिथल्या कचेरीतही होऊ शकतं, इथे यायलाच हवं असं नाही. हे मी तुला मुद्दाम कळवते, म्हणजे तू आलीस तर कागदांसाठी आलीस असं मला वाटायचं नाही.

भिंगरी

---

मंगळवार, २० ऑगस्ट

मामा,

तुरुंगातून तू पाठवलेला निरोप तुझ्या वकिलानं दिला. 'पोरीला सांगा, तिनं बरोबर केलं.' तो मी ऐकला आणि वकिलाला म्हटलं, मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. मग रात्रभर मला माझ्याच बोलण्याचा राग आला. म्हणून लिहितेय.

निकाल तुला कळलाच आहे. मॅनेजरला पाच वर्षं, तुला दीड. त्याच्या वकिलानं शेवटपर्यंत सगळं तुझ्यावर ढकललं आणि तू एकदाही 'त्यानं सांगितलं म्हणून' असं म्हणाला नाहीस. मी मागच्या बाकावर होते. तू म्हणशील असं मला वाटत होतं. म्हणावंस असंही वाटत होतं, आणि म्हणू नयेस असंही.

आई आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तार केली नव्हती. मी स्टेशनवर एका पेटीच्या कुलपाचं काम संपवून निघाले होते, तर एका बारीकशा बाईनं मला विचारलं, "कुलपाच्या दुकानाकडे आता कसं जायचं? रस्ते सगळे बदललेत इथले." मी म्हटलं, "मी तिकडेच चाललेय, चला माझ्याबरोबर." दहा पावलं आम्ही तशाच चाललो, दोन अनोळखी बायका. मग तिनं थांबून माझ्या हातातल्या कानशीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलो. मागून घोडागाडीवाला ओरडत होता.

ती वरच्या खोलीत राहते. तिचे हात सोड्यानं आणि गरम पाण्यानं लालभडक झालेत, बोटं वाकत नाहीत नीट. पहिले काही दिवस ती खाली उतरलीच नाही. मग एका सकाळी स्वतःच उठून ती त्या दोन मुलींच्या आईकडे गेली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. दुपारी परतली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण त्या दिवशी पोटभर जेवली. आता दर मंगळवारी जाते. आजही तिकडेच गेलीय.

तिची शिक्षा रद्द झाल्याचा कागद मेमध्ये आला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "आणि ती तीन वर्षं?" कारकुनानं सहीसाठी वही पुढे सरकवली. उरलेल्या पाच वर्षांचं तिनं विचारलं नाही. ती माझ्याकडून यायची आहेत, तिला माहीत आहे.

तुझं नाव ती घेत नाही. तुझी खुर्ची तिनं माळ्यावर टाकली. मी अडवलं नाही. एकदाच, भांडी घासताना, मध्येच म्हणाली, "लहानपणी मला कुत्रा चावला तेव्हा दादानं पाठीवर घालून मला दोन कोस नेलं होतं." एवढंच. मग भांडं इतकं जोरात घासलं की कड वाकली.

दुकान चालू आहे. नव्या कारखान्यानं दारांचं काम मला दिलंय. तिथे सगळी दारं बाहेर उघडणारी आणि आतून किल्लीशिवाय उघडता येणारी असतील, असं मी लिहून घेतलंय. साहेबांनी त्यावर सही केली. बाहेरून एकही कडी बसवणार नाही. गिऱ्हाइकं आता "दुकानात कुणी आहे का" असं विचारत नाहीत. काही जण मला बघून आत येतच नाहीत. तुझी जुनी गिऱ्हाइकं होती ती. घरच्या माणसाला आत घालणारी पोर, असं म्हणतात. म्हणोत.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. तसं झालेलं नाही, आणि खोटं लिहायचं मी सोडलंय. कधीकधी काम करता करता अडते, मागे वळून तुला विचारायला तोंड उघडते, आणि तू नाहीस हे लक्षात आलं की आधी वाईट वाटतं. मग मुली गात होत्या ते आठवतं. मग काहीच वाटेनासं होतं आणि मी काम पुढे चालू करते.

तुरुंगाच्या कचेरीतून छापील कागद आलाय. भेटीची वेळ रविवारी दहा ते अकरा, एका वेळी एकच माणूस. आई येणार नाही. तिला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

मी येईन. तुझ्यासमोर बसून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बहुतेक काहीच सुचणार नाही. तासभर तसेच बसू. पण येईन.

भिंगरी